नलूताईंचा रविवार

नलिनी सोनवणे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी बाराच्या खेळाला, अडीच वाजून गेल्यावर. ठिकाण जालना रोडवरचं एक थिएटर, मागून तिसरी रांग. पडद्यावर शेवटची नावं सरकत होती, लोक उठून चालले होते, आणि नलूताई चष्मा पुसून, पदर नीट करून बसल्या होत्या. नावं इंग्रजीत होती. त्या मला म्हणाल्या, "तू वाच. बशीर आलं की सांग."

मी वाचत गेले. कपडेपट आला. जेवण पुरवणारे आले. बंगला वापरायला देणारे आले. सिनेमात एक कुत्रा होता, त्याचंही नाव आलं. मग पडदा पांढरा झाला. झाडणारी बाई आमच्या रांगेपर्यंत पोचली. नलूताईंनी तिच्यासाठी पाय वर घेतले आणि मला विचारलं, "आलं का?"

"नाही."

"घाईत वाचलं असशील."

घाईत वाचलं नव्हतं.

तो सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. नाव लिहून मी त्याची जाहिरात करणार नाही. खोली मिळावी म्हणून एक मुलगी एका मुलाला खोटा नवरा बनवते. तो फक्त रविवारी येतो. घरमालकीण संशय घेते, धांदल उडते, गाणी होतात आणि शेवटी दोघं खरंच लग्न करतात. लोक पोट धरून हसतात. ती मुलगी म्हणजे नलूताई. आणि ती गोष्ट सिनेमावाल्यांच्या हाती दिली ती मी. म्हणून हे लिहिणं माझ्यावर आहे.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती हडको वसाहतीच्या कोपऱ्यावर, भाजीवाल्यांच्या ओळीत. आमचा गट पत्रकं वाटत होता. एकट्या बाईला खोली नाकारणाऱ्या घरमालकांविरुद्धचं ते पत्रक मीच लिहिलं होतं आणि मला त्याचा भारी अभिमान होता. लोक घेत होते, घडी घालत होते, पुढे जात होते. एक सडपातळ बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, साठीच्या आसपासची, तिथंच उभी राहून दोन्ही बाजू वाचत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "लई रागानं लिहिलंयस."

"राग येतोच ना, मावशी."

"मावशी नको. दवाखान्यात तीस वर्षं मावशी ऐकलं. आयाबाईला सगळे मावशी म्हणतात, म्हणजे नाव विचारायचं काम नाय. नलूताई म्हण." मग पत्रक उलटं करून दाखवलं. "राग येऊ दे की. पण खाली काय करायचं ते कुठंय? वाचणाऱ्यानं वाचलं, पुढं काय करू? आता ह्यात मी कोथिंबीर बांधून नेणार."

आणि खरंच बांधून नेली. मी त्यांच्या मागोमाग गेले, भांडायला. चहा पिऊन परत आले. तेव्हापासून माझे रविवार तिथंच गेले.

त्यांची हकीकत थोडक्यात अशी. सिल्लोडकडच्या एका खेड्यात त्यांचं लग्न झालं. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला दाराबाहेर काढलं. शहरात येऊन त्या एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागल्या. काम मिळालं, खोली मिळेना. सतरा दारं झाली. सगळीकडं पहिला प्रश्न एकच, मिस्टर काय करतात? त्याच दवाखान्यात बशीर वायरमन होते. राहायला छावणी भागात, घरी म्हातारी आई, लग्न केलेलं नाही. जिन्याखालच्या खोलीत बोर्ड दुरुस्त करताना त्यांनी हिला रडताना पाहिलं. काय झालं ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक शोहरच पायजे ना? मैं आ जाता इतवार को. एक घंटा बैठूँगा, चाय पिऊँगा, चला जाऊँगा."

असं ठरलं, आणि हडकोत खोली मिळाली. नवऱ्याचं नाव भास्कर, सिल्लोडला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, फक्त रविवारी सुट्टी. ही बतावणी नऊ वर्षं चालली. बशीर छावणीतून निघून आधी बसस्टँडवर जायचे आणि तिथून चालत हडकोत यायचे, म्हणजे सिल्लोडच्या गाडीतून उतरल्यासारखे थकलेले दिसतील. मक्याचे दिवस असले की इथल्याच शहागंजच्या बाजारातून कणसं घ्यायची आणि मालकीण काकूंच्या हातात द्यायची. काकू म्हणायच्या, "सिल्लोडच्या मक्याची चवच न्यारी, भास्करराव." एकदा त्यांनी काकूंच्या घरातला ठिणग्या उडवणारा बोर्ड पाहिला. त्यांना राहवेना. पकड मागून घेतली आणि अर्ध्या तासात सगळा नीट केला. जिनिंगच्या कारकुनाला हे कसं येतं, असं काकूंनी विचारल्यावर नलूताई म्हणाल्या, "त्यांना नसता नाद हाय."

"सहा दिवस बशीरभाई, सातव्या दिवशी अहो," नलूताई सांगायच्या आणि हसताना तोंडावर पदर धरायच्या. "सोमवारी दवाखान्यात गेलं की जीभ सांभाळावी लागायची. एकदा डॉक्टरसमोर अहो म्हणून बसले. मग अहो डॉक्टर, अहो डॉक्टर करत काहीतरी विचारलं."

काकू विधवा होत्या. श्रावणात घरात सत्यनारायण करायचा तर पूजेला बसायला जोडी हवी. भाडेकरूंची जोडी घरात होतीच. नलूताई टाळायला बघत होत्या. बशीर मात्र म्हणाले, बैठ जाएँगे. त्या दिवशी ते सकाळपासून काही खात नसत. कोणी सांगितलं नव्हतं. "कोई बी दरबार हो, सामने बैठना है तो पेट भरके नै बैठते," एवढंच म्हणायचे. पहिल्या वर्षी गुरुजींनी गोत्र विचारलं. बशीरनी नलूताईंकडं पाहिलं. नलूताईंनाही सुचेना. गुरुजी घाईत होते, म्हणाले, माहीत नसेल तर काश्यप म्हणा. पूजा पार पडली. नंतर खोलीत चहा घेताना बशीर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ये काश्यप साहब कौन थे? उनकू मालूम है क्या, मैं उनके खानदान में आ गया करके?"

हे सांगून नलूताई खूप हसल्या. मग म्हणाल्या, "पूजेत गुरुजी म्हणतात ना, हाताला हात लावा. तेवढाच लागला. नऊ श्रावण, नऊ वेळा. मोजलेत मी."

बाकी रविवारी दार उघडं असायचं. पडदासुद्धा नाही. ते खाटेवर, ह्या चुलीपाशी. मी आडवळणानं बोलणारी नव्हे. सरळ विचारलं, "तुमचं प्रेम होतं का?"

त्या माझ्याकडं, येडी हाय का ही, अशा नजरेनं पाहत राहिल्या. "त्यांना चहात वेलदोडा लागायचा. माझ्या घरात वेलदोडा कधी संपला नाय."

"मग विचारलं का नाही त्यांनी?"

"विचारलं असतं तर मला नाय म्हणावं लागलं असतं. त्यांची आई, माझा सिल्लोडचा खरा नवरा, वरून ही दुनिया. म्हणून नाय विचारलं. तेवढे शहाणे होते ते."

नवव्या वर्षी एका मंगळवारी, दवाखान्यातच, शिडीवरून उतरून बशीर भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. दुपारी त्यांना छावणीत नेलं, संध्याकाळच्या आत माती झाली. नलूताईंची ड्यूटी होती. त्या वॉर्डात पाण्याचे जग भरत होत्या. सहकारी गेला म्हणून सगळे हळहळले, तेवढंच त्याही हळहळल्या. घरी आल्या तर काकू अंगणात. नवरा गेला म्हणावं तर मयत कुठंय, दिवस कोण करणार, गाव कुठलं, भाऊ कुठले? सगळं उघडं पडलं असतं आणि खोली गेली असती. म्हणून रविवारी त्या काकूंना म्हणाल्या, "ह्यांची बदली झाली. नागपूरला. आता येणं व्हायचं नाय."

त्यानंतर पंधरा वर्षं त्या सवाष्ण राहिल्या. संक्रांतीला काकू बोलावून हळदीकुंकू लावायच्या, ओटी भरायच्या. "मेलेल्या माणसाच्या नावाचं कुंकू लावून घ्यायचे गं पोरी," नलूताई म्हणाल्या. "रांडव म्हणून तरी रडायला मिळतं. मला रडायची सोय नव्हती."

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. जायच्या आधी नलूताई त्यांचे पाय दाबत होत्या, तेव्हा काकू म्हणाल्या, "नलू, तो मका शहागंजचा असायचा ना गं?" म्हणजे त्यांना माहीत होतं. किती माहीत होतं ते देव जाणे. माहीत असून बाई दर रविवारी एका दुसऱ्या बाईला नाटक करायला लावत होती आणि तिकीट न काढता बघत होती. मी हे ऐकून चिडले. नलूताईंनी मलाच गप्प केलं. "काकूला माझा नवरा नको होता. शेजाऱ्यांना सांगायला नवरा पायजे होता. तीबी बाईच."

त्यांचं हे समजून घेणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

माझ्या कॉलेजातला एक मित्र सिनेमे करतो. त्याला गोष्ट हवी होती. मी त्याला नलूताईंकडं नेलं. मला वाटलं, पत्रकानं जे होत नाही ते सिनेमानं होईल. तीन दुपारी त्या बोलल्या. त्यानं मोबदल्याचं काढलं तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. एकच मागितलं. "शेवटी नावं येतात ना पाटीवर, तिथं त्यांचं घाला. नुसतं बशीर. पुढं भाई नको, मागं भास्कर नको. माझं नसलं तरी चालंल." त्यानं वहीत लिहून घेतलं. मी समोर बसले होते.

सिनेमात नायक मोठ्या हॉटेलात आचारी. नाव रोहन. पूजेच्या प्रसंगात तो शिंकतो, घसरतो, कलशावर पडतो. मग म्हणतो, हे काश्यप साहेब कोण? रोहनच्या तोंडी त्या वाक्याला काही अर्थच नाही, तरी थिएटर खदखदा हसलं. त्याच्याही आधी नलूताई हसल्या होत्या, वाक्य पुरं व्हायच्या आत, कारण त्यांना ते पाठ होतं. मग आजूबाजूचं हसू ऐकून त्या थांबल्या. माझा हात धरला आणि म्हणाल्या, "वाक्य ठेवलं बघ. माणूस काढला."

मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अगं, निर्माता म्हणाला, ते नाव कशाला, उगाच वाद होतील. आणि शेवटची नावं वाचतं कोण?"

मी म्हणाले, "नलूताई वाचत होत्या." आणि बरंच काही म्हणाले, जे इथं छापता येणार नाही. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

नलूताई त्याला एक शब्दही बोलल्या नाहीत. फक्त तेव्हापासून रविवारी चहात वेलदोडा घालणं त्यांनी बंद केलं. डबा भरलेला होता, मी पाहिला. या उन्हाळ्यात त्या गेल्या. ताप आला, चार दिवसांत सगळं संपलं.

मी पोचले तेव्हा गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. कोणीतरी हिरवं लुगडं आणलं होतं, हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. मळवट भरत होत्या. अहेव गेली, भाग्याची, असं म्हणत एकेक जण पाया पडत होती. आयुष्यभर त्या बाईला कोणी एवढं जपून हात लावला नव्हता. काकूंचा मुलगा, भला माणूस आहे, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मिस्टरांना नागपूरला कळवलं का हो?"

ही वेळ होती. मी चौकात माईक धरून ओरडणारी. नाव माझ्या ओठांवर होतं. मी बोलले असते तर ते लुगडं परत गेलं असतं, मळवट पुसला गेला असता आणि बायांनी अंगणातच तोंडं फिरवली असती.

"कळवलंय," मी म्हणाले.

"येतायत का?"

"नाही जमणार त्यांना."

म्हणजे जे पडद्यावर झालं तेच अंगणात झालं, आणि ते मी केलं. मित्राला शिव्या देताना मला हे आठवतं. म्हणून आता छापून सांगते, गल्लीतल्या बायांनीही वाचावं. नलूताईंच्या माणसाचं नाव बशीर. पुढं भाई नाही, मागं भास्कर नाही. तो पंधरा वर्षांपूर्वी वारला. त्याच्यासाठी रडायचं राहिलेलं आहे.

आणि खाली काय करायचं ते लिहायला त्यांनीच शिकवलं, ते लिहिते. तुमच्या गेटवर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी असेल. उद्या एखादी बाई एकटी येऊन तिथं उभी राहील. तिला आत घ्या. पंखा लावून दाखवा. पाणी किती दिवसांआड येतं ते खरं सांगा. तिचं नाव विचारा, नीट लक्षात ठेवा आणि किल्ली तिच्या हातात द्या. नवरा कुठं असतो, हे विचारू नका.