कडेचं गवत

"देवाला इचारलास ना तू? मंग माजी गाय पण त्याच्याकडनंच आणून दे. जा. मी बसलेय हितंच."

जानकीबाई एवढं बोलली आणि वाटेच्या मधोमध खरंच बसली. ऐसपैस मांडी घालून, विळा मांडीवर आडवा. समोर तिचा पुतण्या शेखर उभा, धाकट्या दिराचा पोरगा. खांद्यावर तंबूंची पिशवी, डोक्यावर टोपी, टोपीवर घारीचं चित्र. पुढं जायचं तर चुलतीला ओलांडून जावं लागणार, आणि जानकीबाईला ओलांडून जाणारा माणूस मुरबाड तालुक्यात अजून जन्मायचा होता.

"काकी, उद्या डोंबिवलीची माणसं यायची हायत," शेखर म्हणाला. "मना आज तंबू लावायचेत. हे काय नवीन काढलंस?"

नवीन काही नव्हतं. तांबू गाय जाऊन तीन दिवस झाले होते आणि तीन दिवस जानकीबाईच्या मनात तेच एक धुमसत होतं. भाकरी थापताना धुमसत होतं, शेण काढताना धुमसत होतं. आज वाटेवर शेखर दिसला आणि भडकलं.

वाट चढते ती माळावर. माळ म्हणजे वाडीच्या मागच्या डोंगराचा सपाट माथा, कमरेएवढ्या गवताचा. वाडीच्या अंगाला उतार आणि पलीकडच्या अंगाला काहीच नाही. सरळ कडा, खाली रान, समोर सिद्धगडाचं डोकं. माळाच्या टोकाला एक कातळ दरीवर पुढं आलाय, त्याला वाडी घारीची चोच म्हणते. वाशिंदची कंपनी बंद पडल्यावर शेखर घरी परत आला, महिनाभर ओट्यावर बसून राहिला आणि मग त्यानं त्या चोचीचा ईगल पॉइंट केला. फाट्यावर पाटी लावली, मोबाइलवर फोटो टाकले. शनिवार-रविवारी माणसं यायला लागली. पोरांना सामान वाहायचं काम मिळालं, बायांना भाकऱ्यांचं. त्या भाकऱ्या जानकीबाईनंही थापल्या होत्या. चोचीकडं जाणारी वाट तिच्या नवऱ्याच्या, बुधाजीच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतनं जाते. तिनं कधी अडवली नव्हती.

पण कडेच्या गवताची गोष्ट वेगळी.

जानकीबाई मूळची सापगावकडची, सपाट भातशेतीतली. लग्न होऊन आली तेव्हा एवढा उंच कडा तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. दसरा झाला आणि सासूनं हातात विळा दिला, माळावर नेलं. पोरगी कामाला वाघ. सपासप कापत कापत निघाली ती कड्यापर्यंत, आणि कडेच्या गवताला हात घातला तोच बोटांच्या पेरांवर विळ्याची मूठ बसली. सासूची.

"ते देवाचं," सासू म्हणाली.

"देवाचं म्हंजे?"

"देवाचं म्हंजे देवाचं." आणि दुसरी मूठ बसली, उलट विचारल्याबद्दल.

तेव्हापासून जानकीबाईनं कडेच्या गवताला हात लावला नाही. कुणीच लावत नसे. अख्खा माळ कापून बोडका व्हायचा, भारे बांधून कल्याणच्या तबेल्यांना जायचे, पण कड्याच्या काठानं पुरुषभर रुंदीचा पट्टा उभा राहायचा, पिवळा, कुसळांनी भरलेला. का, ते कुणी विचारलं नाही. सासूही तशी गेली, तिच्या आधीच्या सासवाही तशाच गेल्या असतील.

आता शेखरच्या माणसांना तो पट्टा नडायला लागला. फोटोत गवत यायचं. मोज्यांत कुसळं रुतायची, शहरातल्या बाया किंचाळायच्या. शेखर वाडीचाच पोरगा, देवाचं गवत उगाच कापणारा नव्हे. तो चांगो भगताकडं गेला. चांगोनं माळावरच्या देवाच्या दगडाला तांदूळ लावून कौल मागितला. उजवा दाणा पडला, म्हणजे देवाचा होकार. मग नारळ फुटला, कोंबडं कापलं, अख्ख्या वाडीला रस्सा झाला. देवाचा हिस्सा देवाला पोचला, गवत मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी शेखरनं दोन पोरं लावून तो पट्टा बुडापासनं भादरून काढला. वाडीत कुणाच्या कपाळावर आठी उमटली नाही.

जानकीबाईच्याही नाही. तिनं रस्सा दोनदा मागून घेतला होता. आणि तीच गोष्ट आता तिला सगळ्यांत जास्त सलत होती.

मंगळवारी सकाळी दरीतनं धुकं वर आलं आणि माळावर सांडलं. तांबू दुसऱ्या वेताची, गाभण. कापलेल्या जमिनीत कोवळे कोंब वेचत वेचत ती पुढं गेली. जानकीबाई भारा बांधत होती. घंटेचा आवाज येत होता, येत होता, आणि मग आला नाही.

खुरांचे ठसे तिनं पाहिले. कापलेल्या खुंटांतून सरळ कड्यापर्यंत. कुठं बिचकल्याची खूण नाही, कुठं वळल्याची नाही. आणि शेवटी ओरखडा. तिथं उभ्या उभ्या तिला कळलं. गुराला देव कळत नाही, कुसळ कळतं. तोंडाला टोचलं की जनावर मागं फिरतं. कुणा शहाण्यानं कधीकाळी काठाचं गवत कुंपण म्हणून राखलं असेल, आणि लोक नुसतं सांगून ऐकत नाहीत म्हणून ते देवाच्या नावावर घातलं असेल. देवाच्या नावावर घातलं म्हणून ते इतकी वर्षं टिकलं. पण देवाच्या नावावरची वस्तू कोंबडं देऊन सोडवता येते, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

तांबू पडली तिथं माणूस पोचत नाही. दोन दिवसांनी घारी फिरायला लागल्या. आठवड्याच्या मधल्या वारी आलेल्या एका टोळक्यानं चोचीवर उभं राहून त्या घारींचं चित्रण केलं. काय मस्त, म्हणाले. जानकीबाई मागं गवत कापत होती. तिनं ऐकलं. विळा हातात होता आणि ती काही बोलली नाही, याचं बुधाजीला अजून नवल वाटतं.

तर आता ती वाटेत बसली होती. बोलाचाली ऐकून वाडीतली चार माणसं जमली, आणि चांगो भगत धोतराचा सोगा सावरत वर आला. भगत म्हणजे वाडीचा मानाचा माणूस, त्यात जानकीबाईच्या सासऱ्याच्या जोडीचा. त्यानं समजुतीच्या सुरात सुरुवात केली. देव कोपला असंल, काही उणं राहिलं असंल, आणखी एक कोंबडं देऊ, कौल परत लावू, पोराच्या पोटावर पाय देऊ नको.

"चांगोदादा, तुमच्या देवावर माजा राग नाय," जानकीबाई म्हणाली. "त्यानं दाणा दिला, कोंबडं घेतलं, त्याचा वेव्हार त्यानं पुरा केला. तुमी देवाला इचारलंत. गाईला कुणी इचारलं?"

चांगोनं इकडं तिकडं पाहिलं आणि तंबाखू काढली. 

शेखरचाही तोल गेला. गाय धुक्यात कुठनंबी पडली असती, तो म्हणाला. गाय भरून देतो म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गावात दुसरा धंदा काय आहे, सगळ्यांनी परत नाक्यावर मजुरीला उभं राहायचं काय?

"गाय देशील रे भरून," जानकीबाईचा आवाज खाली आला. तिचा आवाज खाली आला की माणसं मागं सरतात. "उद्या त्या डोंबिवलीवाल्यांतली कुणाची पोर गेली, तर ती कशी भरून देशील? तिच्या आयशीला काय सांगशील, कौल उजवा पडला व्हता?"

तिनं विळा उतारावरच्या करवंदीकडं रोखला.

"करवंदीच्या जाळ्या तोड नि कडा बंद कर. आज. चोचीपासनं पार त्या अंगाच्या घळीपर्यंत. मंग घेऊन ये तुजी माणसं. तवर माज्या जमिनीतनं एक पाय जायचा नाय."

"काटं घातल्यावर दिसंल काय? काटं बघायला येतात का माणसं?" शेखर म्हणाला. "नि जमीन तुजी नाय, काकाची हाय. काकानं मना हो म्हटलंय."

हे खरं होतं. बुधाजी सगळ्यांनाच हो म्हणतो. आयुष्यात त्यानं बायकोखेरीज कुणाशी भांडण केलेलं नाही आणि तिच्याशी केलेलं एकही जिंकलेलं नाही. तो मघापासनं बांधाजवळ उभा होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. जानकीबाईनं मात्र पाहिलं नाही. तो काय बोलणार हे तिला माहीत होतं, आणि ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

बुधाजी बांधाजवळनं पुढं आला. कमरेच्या आकडीतला कोयता काढला, धार अंगठ्यानं पाहिली आणि उतारावरच्या करवंदीच्या जाळीकडं निघाला. पहिला घाव बसल्याचा आवाज आला तेव्हा कुठं जानकीबाईनं मान वळवली.

"बघ," ती शेखरला म्हणाली, "ज्याची जमीन हाय तो लागला कामाला."

शेखर तंबूंची पिशवी तिथंच आपटून खाली उतरला. मदतीला कुणी आलं नाही. चांगो भगत थोडा वेळ उभा राहिला आणि गुडघ्यांची सबब सांगून गेला. नवरा-बायको दिवसभर खपले. तो तोडायचा, ती दुबेळक्याच्या, टोकाला दोन फाटे असलेल्या काठीनं जाळ्या ओढत न्यायची आणि कड्यापासनं पुरुषभर आत एकावर एक दाबून बसवायची. तोंडानं शिव्या चालू होत्या: शेखरला, चांगोला, देवाला, त्या कोंबड्याला आणि रस्सा दोनदा मागणाऱ्या स्वतःला. हाताला काटे लागत होते आणि प्रत्येक काट्याला एक शिवी होती. बुधाजीनं एकदा पाणी पी म्हटलं, तर त्यालाही एक मिळाली. सांज झाली तेव्हा कडा बंद झाला होता आणि जानकीबाईच्या हातांकडं पाहवत नव्हतं.

शनिवारी माणसं आली. रंगीत जर्किनं, काठ्या, गळ्यात कॅमेरे. शेखर पुढं, तोंड सुजवून. आता अडवायचं कारण नव्हतं, म्हणून जानकीबाई वाटेत बसली नाही. माळाच्या गवताचा शेवटचा तुकडा कापायचा राहिला होता तिथं ती कामाला लागली होती. कानावर सगळं येत होतं. हे काटे कुणी घातले, कुणीतरी विचारलं. "आमची काकी हाय. गाय गेल्यापासनं डोकं फिरलंय तिचं," शेखर म्हणाला. दोघे-तिघे हसले.

धुकं होतंच. त्यातल्या एका उंच पोरानं चोचीच्या तोंडाशी बुटानं एक जाळी बाजूला सारली, पलीकडं गेला आणि बायकोला बोलावलं. फक्त एक फोटो.

जानकीबाई उठली. विळा हातातच होता. ती पाहुण्यांना काही बोलली नाही. परक्यांना शिव्या द्यायची तिची रीत नव्हती, शिव्या घरच्यांसाठी असतात. ती शेखरसमोर जाऊन उभी राहिली.

"आधी तू जा. दरीकडं पाठ कर, मोबाइल वर धर, नि त्यात बघत बघत मागं सर. मंग पाठव त्या पोरीला."

"काकी, माणसांच्या देखत..."

"माणसांच्या देखतच. जा."

शेखर हसला, पाहुण्यांकडं पाहून. जाळीच्या फटीतून पलीकडं गेला, वळला, मोबाइल वर धरला. एक पाऊल मागं टाकलं. दुसरं टाकायला पाय उचलला आणि तिथंच थांबला. मागं पांढरं सगळं. पायाखाली कापलेले खुंट, त्यानंच कापून घेतलेले, आणि ते कुठं संपतात हे पायाला कळत नव्हतं.  उंच पोरगा गपचूप फटीतून अलीकडं आला आणि त्यानं बायकोचा हात धरला.

शेखरही अलीकडं आला. सारलेली जाळी त्यानं उघड्या हातानं उचलली आणि फटीत दाबून बसवली. तळहातातनं रक्त आलं, ते पँटीला पुसलं.

"फोटो हितनंच काढा," तो माणसांना म्हणाला. एक जण कुरकुरला, एवढं लांबून येऊन काटेच बघायचे का म्हणून. शेखर वळून चालायला लागला. जानकीबाईजवळनं जाताना तोंडातल्या तोंडात म्हणाला, "झालं समाधान?"

"नाय झालं," जानकीबाई म्हणाली. "गवत वाढू दे, मंग सांगते."

तो पुढं गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्या ओट्यावर फिरकला नाही, आणि तिनंही बोलावणं धाडलं नाही.

ऊन वर आलं की कुसळं हाताला जास्त टोचतात. जानकीबाईनं पदर कमरेला खोचला, उकिडवी बसली, डाव्या हातात गवताची मूठ धरली आणि विळा घातला.