बर्फाच्या कप्प्यातला डबा

"अगं, चुलीपाशी ठिवतात व्हय असली वस्तू? पोरानं साता समुद्रापलीकडनं आणली, अन् तू तिचा पार चिखल केलास!" आमचा दादा ओसरीवर ओरडत होता. वहिनी मान खाली घालून उभ्या होत्या. आणि मी? मी हळहळत होतो! पुढचं यंदापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. आज सांगतोच. मध्ये थांबवू नका. थांबलो तर परत सुरू व्हायचं नाही.

तिसगावात माझ्या थापांना मोजमाप नाही. पुण्याच्या मोठ्या हॉटेलात मी भांडी घासली. गावात सांगितलं, कॅव्हिअर, म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी, वाढत होतो! स्टर्जन मासा म्हणजे बैलगाडीएवढा, तळ्यात पाळलेला, मला बघून शेपूट हलवायचा — हेही सांगितलं. खायची रीत मात्र खरी, वाढप्यांकडून ऐकलेली. डबा गार हवा, आयत्या वेळी उघडायचा. स्टीलचा चमचा नको, चव बिघडते, शिंपल्याचा घ्यावा. चिमूटभर अंडी अंगठ्यामागच्या खळगीत ठेवायची, चावायची नाहीत, जिभेनं टाळूला दाबायची. फुटली की लोणी आणि समुद्र एकदम! असं म्हणतात. मी कधी चाखलंय?

वहिनींचा महेश जहाजावर स्वयंपाकी. सुट्टीवर येताना त्यानं पाळीव स्टर्जनच्या अंड्यांचा डबा आणला. "पहिला घास आईचा," म्हणाला. डबा दिला कुणाकडं? जाणकाराकडं!

"काका, फ्रिजमध्ये ठेवा, पण—"

"मला शिकवतो का रं?"

ते 'पण' मी ऐकलंच नाही. आमच्या बाजारात मासळी येते ती बर्फाच्या ढिगातून. मासा म्हणजे बर्फ, एवढंच माझं शास्त्र. डबा थेट वरच्या बर्फाच्या कप्प्यात! सकाळी बघतो तर दगड. गुपचूप काढून चुलीशेजारी ठेवला.

जेवायला बसलो. तान्ह्या महेशला ज्यानं दूध पाजलं, तो शिंपला वहिनींनी घासूनपुसून आणला होता. झाकण उघडलं — एक दाणा शाबूत नाही, नुसता काळा लगदा. गोठली तेव्हाच अंडी फुटली होती.

"वहिनींनी चुलीपाशी ठेवला वाटतं," मी म्हणालो.

आयुष्यातली सगळ्यात लहान थाप. आणि सगळ्यांनी लगेच मानली ती हीच.

त्यानंतर पाहुणा आला की दादा सुरू — "हिच्या हाती काय देऊ नका, नासवंल!" लोक हसायचे, मीही हसायचो. वहिनींनी पाहुण्यांसमोर वाढायला येणं सोडलं. शिंपला परत फळीवर गेला. महेशनं पुन्हा तसा डबा आणला नाही.

यंदा महेश सुट्टीवर आला, सगळे जेवायला बसलो. तीच ओसरी, तीच माणसं. खोटं सगळ्यांदेखत बोललो होतो, मग खरं कानात कसं सांगायचं? उभा राहिलो. "डबा मी गोठवला होता. वहिनींचा हातसुद्धा लागला नव्हता." माफी मागितली नाही — त्यांच्यावर माफ करायचं आणखी एक काम कशाला टाकायचं?

दादानं हातातला घास ताटात ठेवला. आत चुलीपुढं वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हाईत हाय, भाऊजी. बर्फाच्या कप्प्यातनं मटार काढताना डबा बघितला हुता."