आत किती राहिलं

धुरपदाबाई घायपाताचा दोर वळते. पिंपळनेरकडच्या आमच्या गावात हे काम करणारी ती एकटीच उरली आहे. वय सत्तरच्या पुढे. दिवसाला वीस हात दोर, त्याहून एक हातही जास्त नाही. "घाईचा दोर ढिला होतो," म्हणते.

मी आणि हिलाल आयुष्यभर विहिरींतून पंपाच्या मोटरी काढत आलो. मी आता थांबलो, हिलालने धंदा सोडला नाही. या उन्हाळ्यात गावाच्या विहिरीतली पाण्याची मोटर साखळी तुटून काठापासून तेवीस फूट खालच्या कपारीत अडकली. पाणी बंद झालं. हिलालने धुळ्याहून अल्युमिनियमची नवी शिडी आणली. तिला बांधलेली इंग्रजी चिठ्ठी त्याने काढून घरी जपून ठेवली होती. हिलाल कौतुकाने सांगायचा, "एक्स्टेंडेबल शे! बारा नि बारा, चोवीस फूट."

शिडी ताणून विहिरीत सोडली. पाय कपारीवर टेकले, टोक काठाला लागलं. धुरपदाबाई दोर घेऊन आली होती. तिने विचारलं, "मझार कितलं ऱ्हायनं?"

वरची शिडी खालचीच्या आत किती उरली, असं तिचं विचारणं. हिलाल हसला. "एक वीत. अक्का, हाई अल्युमिनियम शे, तुनं दोरडं नही."

"मग उतरू नको रे भाऊ."

हिलाल ऐकेना. ती म्हणाली, "निदान कमरेला दोर बांध." तिच्याकडे दोन दोर होते, एकही एकटा पुरणारा नव्हता. मी गाठ मारायला गेलो तर तिने माझ्या हातातून दोर काढून घेतला. गाठीपाशी दोर तुटतो, म्हणाली. दोन्ही टोकांचे पीळ सोडून तिने दोरांचे पदर एकमेकांत विणले. दोन-दोन हात दोर त्यात गेला. अर्धा तास गेला. हिलाल म्हणाला, "अक्का, वाढवायला बसलीस की कमी करायला?" ती मान वर न करता विणत राहिली.

मी दोराला काठावरच्या निंबाच्या बुंध्याभोवती दोन वेढे दिले आणि टोक धरून तो हळूहळू सोडू लागलो. हिलाल सात-आठ पायऱ्या उतरला असेल. शिडी मधल्या जोडात निसटली आणि वरचा भाग पाण्यात गेला. दोर एका झटक्यात ताठ झाला. त्यावर ऐंशी किलोचा माणूस लोंबकळत होता. माझी नजर विणलेल्या जागेवर खिळली. एक तंतू हलला नाही. चाळीस वर्षं मी साखळ्या आणि वायररोप ओढले, पण असा जोड मी पाहिला नव्हता.

जमलेल्यांपैकी चौघांनी हिलालला वर घेतलं. कोपर सोलला होता, बाकी धड होता. तो बराच वेळ त्या जोडावरून बोट फिरवत बसला.

संध्याकाळी शाळेच्या मयुरी मॅडमकडून चिठ्ठी वाचून घेतली. त्या म्हणाल्या, "एक्स्टेंडेबल म्हणजे वाढवता येण्याजोगी. पण किती वाढवायची याला हद्द असते. खाली बारीक लिहिलंय, तीन फूट एकमेकांत ठेवा. म्हणजे ही एकवीसच फूट." हिलालने शेजारी बसलेल्या धुरपदाबाईकडे पाहिलं. तिला अक्षरओळख नाही.

दुसऱ्या दिवशी गळ टाकून शिडी काढली, तपासली आणि पुन्हा लावली. टोक काठाच्या दोन फूट खाली राहिलं. हिलालने दोर स्वतःच कमरेला बांधला, काठावर बसला आणि खाली पाय सोडण्याआधी म्हणाला,

"अक्का, मझार तीन फूट शे."

तिने वाकून पाहिलं, वितीने हवेतच मोजलं.

"उतर," म्हणाली.