निओबियमला भिणाऱ्या ताई

स्कॅनच्या खोलीत शिरण्याआधी ताई स्वतःच्या कानांच्या पाळ्या चाचपायच्या. कामावर कुड्या घालणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, तरी रोज. मग आमच्याकडे वळून म्हणायच्या, "भैया, हे चुंबक बंद नसतं हं. कधीच बंद नसतं."

झाशीच्या सदर बाजारातल्या एका एमआरआय सेंटरात त्या वरिष्ठ तंत्रज्ञ होत्या, मी त्यांच्या हाताखाली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, घरी मराठी. घाबरल्या की हिंदीत जायच्या, आणि घाबरायच्या सतत. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, सगळ्यांच्या वाटणीची काळजी एकटंच करणारं.

त्यांना भीती होती ती यंत्राच्या पोटातल्या तारांची. निओबियम आणि टायटॅनियम या धातूंच्या त्या तारा द्रवरूप हेलियममध्ये बुडवून इतक्या गार ठेवतात, की विजेला अडथळाच उरत नाही. एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो, आणि त्याच्यावरच यंत्राचं चुंबक चालतं. बाजाराची वीज गेली की आम्ही चहाला निघायचो. ताई दाराशी उभ्या. "शहर झोपलं तरी हे जागं आहे. आणि कधी तारा तापल्याच, तर सगळं हेलियम एकदम उकळेल. पाइपातून गच्चीवर गेलं तर ठीक. नाहीतर खोलीत श्वासापुरती हवा उरायची नाही."

"ताईजी, चाय पीजिए," आम्ही म्हणायचो.

एका दुपारी तेच झालं. यंत्रात रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा झोपले होते. आधी शिट्टीसारखा आवाज, मग भिंती हादरवणारी गर्जना. पाइपचा सांधा निसटला होता. काचेपलीकडे छताकडून पांढरं धुकं उतरलं आणि आजोबा दिसेनासे झाले. ताईंनी दार ओढून उघडलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"दार धरून ठेवा. बंद होऊ देऊ नका," म्हणाल्या आणि, हेलियम वर साचतं म्हणून, ओणव्यानं आत शिरल्या.

"दादाजी, झुकिए. नीचे झुकिए."

आवाज त्यांचा नव्हता. हेलियम छातीत गेल्यानं तो बाहुलीसारखा चिरका झाला होता. जत्रेत फुग्यातली हवा ओढून कोणी असं बोललं तर आपण हसतो. माझ्या अंगावर काटा आला. मग तोही आवाज थांबला. मी हाका मारत राहिलो, दाराची कड तळव्यात रुतत होती. शेवटी जमिनीलगत एक हात दिसला. ताई रांगत येत होत्या, बगलेत आजोबा.

दोघंही वाचले. लोक ताईंच्या हिंमतीचं कौतुक करायला लागले. "हिंमत कसली," त्या म्हणाल्या, "बाहेर थांबायची भीती जास्त वाटली."

नवं हेलियम आलं, तारांत पुन्हा प्रवाह सोडला. ताई व्हरांड्यातच थांबल्या. "तुम्ही बघा. माझा पाय उचलत नाही." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत.

परवा लक्ष्मी तालाच्या काठावर दिसल्या. वारा सुटला होता. छातीवर हात ठेवून त्या सावकाश श्वास घेत होत्या, एकेक, आत गेलेला नीट कळावा असा. मी लांबूनच परतलो.