नानाशेठ, पाणी कुठं?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे कुणी बोलायचं नाही. मी आयुष्यात एकच बंड केलं. आणि ते असं केलं की ज्याच्याविरुद्ध केलं त्यानेच माझ्या गळ्यात हार घातला! चहा गार होईल, पण सुरुवातीपासून सांगतो.

किन्हवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची मोहवाडी. डोंगरापलीकडे धरण. त्या धरणाचं पाणी आमच्या वाडीच्या अंगावरून शहराकडे जातं, माणूस आत उभा राहील एवढ्या जाड पाइपातून. पाइपाला कान लावला की आतलं पाणी ऐकू येतं. ऐकूच येतं फक्त. आमची विहीर होळीनंतर तळ दाखवते. मग वाडीच्या बायका हंडे घेऊन रस्त्याला बसतात, टँकरची वाट बघत.

टँकर कुणाचा? नानाशेठचा. पंचायतीचं काम त्याच्याकडे. कागदावर टँकर रोज वाडीत येतो. प्रत्यक्षात तो आठवड्यातून एकदा उगवतो, एरवी शेठच्या फार्महाऊसवर असतो, नाहीतर कुणाच्या तरी वीटभट्टीवर. विचारायचं कुणी? नानाशेठ माजी सभापती! पांढरा शर्ट, हातात कडं, आणि प्रत्येकाच्या लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची.

या गोष्टीचा मला राग येतो. तेव्हाही यायचा, आजही येतो. पाणी आमच्या डोंगरातलं, आणि हंडा घेऊन उन्हात बसणार माझी आई? का म्हणून?

आता राग आला की माणूस काय करतो? कुणी अर्ज करतो, कुणी शिव्या देतो. मी गिटार घेतली! मी मुरबाडला कारखान्यात फिटर, पण आतून रॉकवाला. कल्याणला आयटीआयला होतो तेव्हा खोलीतल्या एका मुलाने माझ्या कानात हेडफोन घातला, तो दिवस आणि आजचा दिवस. जगभरची पोरं लढाईविरुद्ध, सरकारविरुद्ध, मालकांविरुद्ध घसा फुटेस्तोवर गातायत! मी म्हटलं, अरे, हे तर आमचंच आहे की! राग आहे, घसा आहे, गिटार तेवढी हवी.

मग केस वाढवले. भर मे महिन्यात काळा टीशर्ट, काळी जीन्स, मनगटाला चामड्याचा पट्टा. आई म्हणाली, "ह्या उन्हात कालं कापड? घामोलं येल रे बाला." घामोळं आलंच. पण बंडखोराने पावडर लावायची नसते, म्हणून खाजवत हिंडलो.

बँडचं नाव 'डरकाळी'. बँडमध्ये माणसं दोन. मी आणि ड्रमवर गण्या. गण्या तसा बेंजो पार्टीतला, लग्नसराईत हळदी वाजवतो. त्याचं बोट नुसतं टेबलावर पडलं तरी शेजारचा माणूस खांदे उडवायला लागतो. मी त्याला सांगितलं होतं, "गण्या, आपल्याला लोकांना नाचवायचं नाही. हादरवायचंय."

"बरं," गण्या म्हणाला. गण्या सगळ्यालाच बरं म्हणतो.

तर मी गाणं लिहिलं. आडपडदा नाही, रूपक नाही. सरळ नाव घेऊन!

दारावरनं पाइप गेला, हंडा आमचा रिकामा,
टँकर गेला भट्टीवर, वाडी बसली उन्हात,
नानाशेठ! पाणी कुठं?
नानाशेठ! पाणी कुठं?

शेवटच्या दोन ओळी ओरडायच्या. गिटारचा आवाज फाडून. ऐकताना माझ्याच अंगावर काटा यायचा.

पण गाणार कुठे? आम्हाला स्टेज देतंय कोण? शेवटी माझ्या चुलतभावाची हळद आली. जनरेटर आहे, स्पीकर आहे, सगळी वाडी जमणार, आणि पहिल्या खुर्चीवर नानाशेठ असणार. याहून चांगला मोका कुठला?

गण्याने ऐकून काठ्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "पव्या, सगलं कर, पन हलदीत त्याचं नाव नको घेऊ."

"घाबरलास?"

"घाबरायचं नाय रे. हलदीत नाव घेतला म्हंजे कसा होतं..."

"गण्या! ज्याला भीती वाटते त्याने रॉक वाजवू नये!"

"बरं," गण्या म्हणाला.

बिचाऱ्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं असतं तर आज हा किस्साच नसता.

दिवेलागणीला नवऱ्याला हळद लागली. मांडवात माणूस मावत नव्हता. मी स्टेजवर चढलो, केस तोंडावर घेतले, सरळ नानाशेठच्या डोळ्यात बघितलं आणि तार छेडली. पहिल्या ओळीला माना वळल्या. दुसऱ्या ओळीला सरपंच बाईंच्या नवऱ्याने पान चघळायचं थांबवलं. मी बोट रोखलं, थेट शेठच्या छातीवर, आणि ओरडलो, "नानाशेठ! पाणी कुठं?"

शेठ खुर्चीतून उठला.

खरं सांगतो, मांडवाचं मागचं दार बघून ठेवलं. पण हललो नाही. मार म्हटलं! मारलंस तरी गाणार!

शेठ पुढे आला. खिशातला रुमाल काढला. आणि तो रुमाल डोक्यावर फिरवत नाचायला लागला! "परत घे! नाव परत घे रे पव्या!"

आता तुम्ही शहरातले, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे हळदीच्या गाण्यात माणसाचं नाव येणं म्हणजे मोठा मान. नवऱ्याच्या मामाचं, आत्याचं, गावच्या पुढाऱ्याचं नाव घेऊन गातात, आणि ज्याचं नाव आलं तो उठून नाचतो. ज्याचं राहिलं तो जेवताना रुसून बसतो. मला हे ठाऊक नव्हतं? मी याच मांडवांत लहानाचा मोठा झालो! पण डोक्यात रॉक गेलेला.

मी चिडून आणखी मोठ्याने ओरडलो. तशी शेठच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. आणि गण्या? त्याचा हात सवयीने हळदीच्या ठेक्यात गेला होता. मी मागे वळून डोळे वटारले, तर तो डोळे मिटून वाजवत होता. सगळा मांडव नाचत ओरडत होता, "नानाशेठ! पाणी कुठं?" नवरदेव नाचला. नवरदेवाची आजी नाचली. माझं बंड हळदीने पिवळं झालं.

तिथे थांबलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पार मुरबाडपर्यंत गेला, आणि माझ्या दारात माणसं यायला लागली. मला वाटलं, आता शेठचे विरोधक येतील, चळवळ उभी राहील.

पहिला आला सरपंच बाईंचा नवरा. तोंड पाडून बसला. "काय पव्या, आमचा नाव नाय घेतलास."

"अहो, ते आरोपाचं गाणं आहे!"

"आसल. पन पंचायत कोन चालवतं? आमीच ना? शेठचा एकट्याचा नाव घेतलास, लोकांना वाटल आमी कायच करत नाय."

त्याच्यामागून टाकीवाला ठेकेदार. वाडीसाठी पाण्याची टाकी यानेच बांधलेली, जिच्यात तोवर कधी पाणी ठरलं नव्हतं. तो म्हणाला, "टाकी कोनी बांधली? मी! फुटकी हाय, पन बांधली ना? एक कडवा टाक. गलती खालून डाव्या बाजूनं हाय, त्यो पन टाक, चालल."

मी कपाळाला हात लावला. रॉकच्या इतिहासात असा प्रसंग कुणावर आला असेल का हो? ज्यांची नावं घ्यायची ते रांग लावून उभे!

मग शेठचा वाढदिवस. किन्हवलीच्या नाक्यावर बॅनर लागला. वर शेठ, खाली मी, माझ्या फोटोखाली 'आपला लाडका युवा गायक'. मी जायलाच नको होतं. पण मी ठरवलं, जायचं आणि असं काही गायचं की या माणसाला नाचताच येऊ नये! नवं कडवं लिहिलं. त्यात 'चोर' हा शब्द होता. मैदानात, भर दुपारी, त्याच्या माणसांसमोर मी तो शब्द तोंडावर फेकला.

जास्तच नाचले.

गाणं संपल्यावर मी माइक धरून सांगितलं, "हे निषेधाचं गाणं आहे! मी नानाशेठचा निषेध करतो!"

निवेदक पुढे आला आणि म्हणाला, "निषेधासाठी एकदा जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि शेठने स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. वर माझ्या कानात म्हणाला, "मोहवाडी आपल्यावर येवढा प्रेम करते, मना म्हाईतच नव्हता."

आणि त्या प्रेमाचा परिणाम काय? टँकर साफ बंद! मोहवाडी आपलीच, तिची काळजी नको, असं शेठने धरलं. घरी आलो तर आई रिकामा हंडा पुढ्यात घेऊन बसलेली. तिने शालीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं.

"फोड," ती म्हणाली. "तेवढा तरी पानी मिलल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई रोज दुपारी पाइपाच्या कडेने उतरून ओढ्यातला डोह उपसायला जात होती, तेही माझ्या गाण्यापायी. काळा टीशर्ट काढला आणि बनियनवर बसून राहिलो.

त्या वेळी सुंदरकाकी आली. काकी आमच्या वाडीची धवलारीण. म्हणजे लग्नातले धवले, हळदीची गाणी तीच म्हणते. आमच्याकडे भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारणीशिवाय लग्न हलत नाही. आणि कुणाचं नाव गाण्यात घ्यायचं, कुणाचं कुणाच्या आधी, हे सगळं तीच ठरवते. तिच्यापुढे सभापती काय नि सरपंच काय!

"गानं चांगला हाय बाला," काकी म्हणाली. "पन तू त्याला नाव दिलास. आता नाव काढून घे."

"म्हणजे?"

"शेठच्या पोरीची हलद हाय. मना बोलावनं आलंय. तू गितार घेऊन चल. गानं हाच गायचा. फकस्त सगल्यांचा नाव घ्यायचा, त्याचा सोडून."

आम्ही गेलो. काकी पुढे, तिच्या मागे वाडीच्या बायका, प्रत्येकीच्या कमरेवर रिकामा हंडा. हंडे मांडवाच्या दारात ओळीने ठेवले आणि काकीने आवाज लावला. मी तार छेडली, गण्याने ठेका धरला. या वेळी मी त्याला अडवलं नाही.

काकीने सरपंच बाईंच्या नवऱ्याचं नाव घेतलं. तो धन्य झाला. टाकीवाल्याचं घेतलं, गळतीसकट. आचाऱ्याचं घेतलं, मांडववाल्याचं घेतलं, टँकरच्या ड्रायव्हरचं घेतलं. शेठच्या दारातल्या कुत्र्याचंही घेतलं! शेठ रुमाल हातात धरून तयार उभा. प्रत्येक कडव्याला एक पाय पुढे टाकायचा आणि परत घ्यायचा. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. पोरीच्या बापाचं नाव नाही? शेठाणी पदराने घाम पुसत आली, "गो सुंदरे, ह्यांचा राहिला ना!"

शेवटी शेठच पुढे आला. आवाज अगदी खाली. "काकी, माझा?"

काकी गायची थांबली. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमचा नाव हाय ना शेठ. पान्याबरोबर येल."

मग जे हसू फुटलं, त्यात हळद लागलेली नवरीसुद्धा होती. ती पाटावरूनच म्हणाली, "बाबा, द्या ना त्यांना पानी, माझी हलद अडली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर वाडीत. शेठ स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी बसून आलेला! त्यानंतर पाऊस पडेस्तोवर टँकर चुकला नाही, आणि टाकीचीही गळती बुजली, खालची, डाव्या बाजूची. पाइप अजून दारावरून शहरालाच जातो. त्याचं गाणं चालू आहे. ते मी सोडणार नाही, कुणी शाल घातली तरी!

पण किस्सा शेवटी माझ्या फजितीचा आहे.

तर टँकर आला, बायका हंडे भरायला लागल्या, आणि मी पाइपावर गिटार घेऊन बसलो. विजयी मुद्रेने. काकीने कबूल केल्याप्रमाणे शेठचं नाव घेतलं, शेठ चिखलात नाचला. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि नवं कडवं लावलं,

आयेच्या डोक्यावर हंडा, पोराच्या खांद्यावर गितार,
पवीनदादा! हंडा कुठं?
पवीनदादा! हंडा कुठं?

बायका खो खो हसत होत्या. आई हंडा डोक्यावर घेऊन, कंबरेवर हात ठेवून माझ्याकडेच बघत होती. गण्या सगळं मोबाइलवर घेत होता.

तो व्हिडिओ आजही त्याच्याकडे आहे. त्यात स्पष्ट दिसतं. मी पाइपावरून उडी मारतो, रुमाल नाही म्हणून काळा टीशर्ट काढून डोक्यावर फिरवतो, आणि ओरडतो, "परत घे काकी! नाव परत घे!"