बॉयलरवरचा परमेश्वर

मधूनाना स्वतःची कविता कधी सलग वाचत नाहीत. मध्येच थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि समोरच्यांना विचारतात, "कळतंय ना? नसेल तर सांगा, मलाही फारसं कळलेलं नाही."

त्यांची माझी ओळख झाली ती एम.ए.च्या वर्गात. कवितेतला 'तू' डबा घेऊन पाळीवर जातो आणि कवी दाराशी त्याची वाट बघत बसतो, अशी त्यांची एक कविता आम्हाला अभ्यासाला होती. आमच्या बाई भारीच भाविक. 'तू म्हणजे ईश्वर,' त्यांनी सांगून टाकलं.

"पण बाई, हा ईश्वर मिशीला तेल लावतो," मी म्हणालो.

"कर्मयोगी आहे तो!"

वर्गाने निमूटपणे उतरवून घेतलं. मला मात्र घाम फुटला होता. पुरुषाने पुरुषावर इतकं साधं, घरगुती प्रेम करावं आणि ते चक्क परीक्षेला यावं? तिकडे दिंडोरीला माझ्यासाठी मुली बघणं जोरात चालू होतं. "औंदा द्राक्षांचा माल निघाला का उरकून टाकू," असं आई म्हणायची आणि मी नंदीबैलासारखी मान डोलवायचो. नाही कसं म्हणायचं, हेच मला येत नव्हतं.

पुढे कॉलेजने नानांचा सत्कार ठरवला. आता सत्कार म्हटला की तो सपत्नीकच, हा आपला रिवाज. पत्रिकेत तसं ठळक छापलं, नानांसाठी शाल-श्रीफळ आणि वहिनींसाठी मोरपंखी साडी आणली. नाना आले. मागोमाग झुपकेदार मिशांचे जगूभाऊ.

"बाई, हा तुमचा परमेश्वर," नाना म्हणाले. "एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होता. आता रिटायर झालाय."

बाईंनी आधी सवयीने हात जोडले, मग त्यांना उलगडा झाला, आणि काही सुचेना म्हणून त्यांनी पुन्हा हात जोडले. प्राचार्य एकदा साडीकडे बघत होते, एकदा मिशांकडे. शेवटी जगूभाऊंनीच साडी त्यांच्या हातातून घेतली. "पदर झकास आहे," ते म्हणाले, "बहिणीला होईल." टाळ्या पडल्या. मला त्या दोघांचा इतका हेवा वाटला की रडूच यायचं बाकी होतं.

चहाच्या वेळी मी नानांना गाठलं. "नाना, घरी माझं लग्न ठरवतायत," एवढंच कसंबसं बोललो. नानांना सगळं समजलं. त्यांचे डोळे भरले, पण शब्द फुटेना.

"त्याच्या नादी लागू नको, कवी आहे तो, वेळेवर काही सुचत नाही त्याला," जगूभाऊ म्हणाले. "तू आधी नाही म्हण. त्या पोरीचा काय गुन्हा?"

त्याच संध्याकाळी मी आईला फोन करून सगळं सांगितलं. जगूभाऊंच्या मिशांसकट. तिने फोन ठेवला आणि नंतर कितीतरी दिवस उचललाच नाही.

मग एका सकाळी तिचाच फोन आला. मागे फवारणीचा ट्रॅक्टर धडधडत होता.

"ऐकू येतंय का?" ती ओरडली. "कोणी बघशील तर द्राक्षबागवाला तेवढा बघू नको. लय राबावं लागतं रे बाबा."