होडीतली पायाखालची जाळी

होडीच्या मालकाला पोहता येत नव्हतं. पहिल्याच भेटीत त्यानं हे मला सांगितलं आणि स्वतःच हसला. द्राक्षांच्या धंद्यात वर आलेला माणूस. कुणाकडे तरी पाहून त्यानं मुंबईहून एक जुनी शिडाची होडी ट्रेलरवर घालून आणली होती आणि गंगापूर धरणाच्या काठी, आपल्या फार्महाउससमोर बांधून ठेवली होती. शीड उभारायला येत नव्हतं, शिकायची इच्छाही नव्हती. होडीच्या मागच्या भागात सुकाणू धरून बसायची खोलगट जागा असते. तिच्या तळाला त्याला लाकडी जाळी हवी होती. मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी होडीचा फोटो दाखवून म्हणाला, "मिस्त्री, सेम टू सेम पाहिजे."

मी मिस्त्री नव्हे. तीस वर्षं अंबडच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवून वाळूत त्याचा ठसा घ्यावा लागतो. ते लाकूड माझ्या हातचं असायचं. हे त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा मिस्त्री म्हणाला.

जाळी कशासाठी हवी, असं विचारलं तर "लुक येतो" म्हणाला. आत आलेलं पाणी जाळीखालून वाहत जाऊन तळाशी, धरणाच्या पाण्याहून वर ठेवलेल्या भोकातून बाहेर पडावं आणि वर उभं राहणाऱ्याचे पाय घसरू नयेत, यासाठी ती असते, हे मी समजावत होतो तेव्हा तो फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. असल्या माणसाचं काम घेऊच नये. पण ती जाळी माझ्या डोक्यात बसली होती. तशी मी कधी केली नव्हती.

देवळाली कॅम्पात एक जुना बंगला पाडत होते, तिथून सागवानी तुळया मिळाल्या. त्यांच्या फळ्या काढल्या. फळीवर आडव्या खाचा पाडल्या, पट्टीच्या जाडीएवढ्या रुंद आणि बरोबर निम्म्या खोल. मग फळी उभी चिरून पट्ट्या केल्या. अशानं प्रत्येक पट्टीवर खाच एकाच जागी येते. निम्म्या पट्ट्या पालथ्या घालून बाकीच्यांत आडव्या बसवल्या की जाळी तयार. पट्टी तळहाताच्या दाबानं बसली पाहिजे, हातोडी लागता कामा नये. कडेला चौकट केली, होडीच्या आकाराप्रमाणे मागे निमुळती होत जाणारी. महिनाभर लागला.

बसवायला गेलो तेव्हा मालक घरात होता. होडीची राखण करायला सुरगाण्याकडचा एक माणूस ठेवलेला होता. भाताची कापणी झाली की कामाला इकडे यायचा, या वर्षी इथेच राहिला होता. जाळी तळाला अशी चपखल बसली की कडेला पोस्टकार्डही शिरलं नसतं. मी खूश होऊन उभा होतो. तो वाकून कडेवरून बोट फिरवत होता.

"बाबा, हे पाण्यानं फुगंल ना?" त्यानं विचारलं.

"हा साग आहे. तू होडी पूस," मी म्हणालो.

मालक आला, जाळीवर बुटांसकट उभा राहिला, फोटो काढून घेतले आणि चमक कमी आहे म्हणाला.

तीन आठवड्यांनी राखणदाराचा फोन आला. रोजच्या धुण्यानं चौकट फुगून जाळी अडकली होती. खाली पाला साचून भोक बुजलं होतं, पाणी तुंबून वास येत होता. मालकानं त्याला सांगितलं होतं की पहारीनं तोडून फेक, वर हिरवी चटई टाकू. यानं पहार सापडत नाही असं सांगून दोन दिवस वेळ काढला होता आणि मगानं पाणी उपसत बसला होता.

लोखंड थंड होताना आकसतं म्हणून जन्मभर माप वाढवून देणारा मी, आणि ओलं लाकूड फुगतं हे मला भात लावणाऱ्या माणसानं सांगितलं होतं. त्याला मी होडी पुसायला सांगितलं. मालकाविषयी मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं मलाही लागू होतं, आणि मालक निदान स्वतःला कारागीर म्हणवत नव्हता.

मी गेलो आणि राखणदार नि मी, दोघांनी मिळून जाळी हळूहळू सोडवली. आता काय करू, असं या वेळी मी त्याला विचारलं.

"दोन तुकडे करा," तो म्हणाला. "एकल्याला उचलाया येतील."

ती रोज कुणीतरी उचलणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी जाळी मधून कापली, कडा रंध्यानं तासून बोटभर फट सोडली, उचलायला दोरीच्या कड्या लावल्या. पुन्हा अडकली नाही.

ती पाहायला गेलो त्या दिवशी मालकाकडे पाहुणे होते. एकानं जाळीचं कौतुक केलं. "इटलीहून मागवली," मालक म्हणाला. मी चार हातांवर उभा होतो. त्यानं मला पाहिलं आणि जहाजानं यायला किती दिवस लागले तेही सांगितलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकालाही खाली वाकून पट्ट्या एकमेकींत कशा बसल्यात ते पाहावंसं वाटलं नाही. मी राखणदाराकडे पाहिलं. तो खाली बघून हसत होता.

पुढच्या वर्षी मालकानं घोडा घेतला. होडी कुणा ओळखीच्याला दिली, जाळीसकट. घोड्याचं करायला राखणदाराला थांब म्हणाला होता, पण तो थांबला नाही. गावी गेला.